झाकलेला बुधवार

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. गाड्या कुठे उभ्या करू नयेत हे सांगणारा, रस्त्याकडेचा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. गंज चढला म्हणून कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्याचा हा राग नव्हे. माझ्या तोंडून दोन वर्षं खोटं वदवलं गेलं, त्याचा आहे.

माझा जन्म डिचोली तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना बरोबर कळेल. खाणीवरच्या एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या फाळक्यातून मला कापलं, घासलं आणि बाबाजी पेंटरच्या हवाली केलं. देवळाच्या कमानीपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळं रंगवणारा हा माणूस. घाई त्याला ठाऊकच नव्हती. त्यानं माझ्यावर तीन दिवस घालवले. वर लाल गोल काढला, त्यात इंग्रजी पी, आणि त्यावरून तिरकी लाल रेघ. खाली काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त बुधवारी, सकाळी ७ ते दुपारी २’.

ती खालची ओळ म्हणजे माझा जीव होता. आमच्याकडे बुधवारी आठवड्याचा बाजार भरतो. मुळगावची भाजी, सर्वणची मिरची, कुणाच्या कोंबड्या, कुणाची मडकी, सगळं उतरवायला रस्ता मोकळा हवा, म्हणून मी. उरलेले सहा दिवस माझ्या सावलीत पायलट उभे राहत. विमानाचे नव्हेत हां. आमच्या गोव्यात मोटरसायकलवर मागे भाडं बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा, आणि धंद्याचा परवाना म्हणून जवळ एक बिल्ला. सात वर्षं माझं आणि त्यांचं छान चाललं होतं. बुधवारी ते आपणहून पलीकडे सरकत, गुरुवारी परत येत.

मग भाषेच्या आंदोलनाचा तो हिवाळा आला. कोकणी की मराठी, यावरून एका घरातली माणसं एका पंक्तीत जेवेनाशी झाली. एका पहाटे कुणीतरी माझ्यावर डांबर फासलं. कोण होते ते मी पाहिलं, पण सांगून काय उपयोग? आमच्या बाजारातल्या बऱ्याच पाट्यांची तीच गत झाली होती. आता मला भाषेचं कसलं आलंय वावडं? कुठल्याही भाषेत लिहा, पण बुधवार बुधवारच राहू द्या, एवढंच माझं म्हणणं.

पाट्या पुन्हा रंगवायची वेळ आली तेव्हा बाबाजीनं पंचायतीच्या कचेरीतल्या साहेबांना विचारलं, “खालची वळ कशी लिवची?” साहेब बिचकले. मराठीत लिहिली तर हे भांडायला येणार, कोकणीत लिहिली तर ते येणार. बराच वेळ पेन चावून झाल्यावर म्हणाले, “वरचं चिन्ह तेवढं काढ. त्याला भाषा लागत नाही. खालची ओळ सरकारचा निर्णय झाल्यावर बघू.”

झालं. बाबाजीनं डांबरावरच पांढरा रंग मारला, वर लाल गोल काढला आणि खालची जागा कोरी सोडली. पुढं सरकारचा भाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, पण माझ्या खालच्या ओळीची आठवण कुणाला झाली नाही. पांढऱ्याखाली डांबर आणि डांबराखाली माझा बुधवार, असा मी आठवड्याचे सातही दिवस ‘गाडी लावू नका’ म्हणत उभा राहिलो.

त्याच सुमाराला कचेरीनं दंड गोळा करायला एक नवा शिपाई नेमला. त्याला मी दोष देत नाही. तो परगावचा, त्याला दिसलं ते त्यानं वाचलं. पहिल्याच सोमवारी त्यानं रघुनाथला धरलं. रघुनाथ सर्वणचा, सरळ माणूस, भाड्यावरून कधी घासाघीस करायचा नाही.

“साहेबानू, आज सोमार,” तो म्हणाला. “मनाई बुधवारची आसा.”

“कुठं लिहिलंय? दाखव.”

रघुनाथनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती ना, तर मी साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो असतो. पत्र्याला कुठली वाचा. रघुनाथनं वीस रुपये काढून दिले आणि पावती खिशात घातली.

दोन वर्षांत त्याला सतरा वेळा दंड झाला. इतरांनाही झालाच. तुम्ही विचाराल, भांडला का नाही? भांडायला कचेरीत जायचं तर दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की त्या दिवशीची चूल कशी पेटायची? त्यापेक्षा वीस रुपये परवडले, असा त्याचा हिशेब. तो हिशेबच त्याच्या अंगाशी आला. बिल्ला नवा करायची वेळ आली, त्याला कचेरीचं पत्र लागायचं, तर साहेबांनी वही उघडून दाखवली. “सतरा गुन्हे. असल्या माणसाला पत्र कसं देणार?”

“पण मी पैसे भरलंय सगळे.”

“भरलेस ना? म्हणजे गुन्हा कबूल केलास.”

बघा. ज्यानं निमूटपणे भरलं तोच गुन्हेगार. बिल्ला नाही तर पायलट नाही, आणि पायलटकी नाही तर त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. रघुनाथ चार दिवस माझ्याखाली नुसता येऊन बसायचा, गाडीशिवाय.

पण त्याची बायको चंद्रावती बसणारी नव्हती. ती दर बुधवारी बाजारात मिरची विकायची, बरोबर माझ्या पायाशी बसून. माझी खालची ओळ तिनं सात वर्षं वाचली होती. शिवाय तिच्या घरी एक चांगली सवय होती. आलेला प्रत्येक कागद, रेशनचा असो की विजेच्या बिलाचा, चुलीशेजारच्या तारेला टोचून ठेवायचा. सतराच्या सतरा पावत्या तिथं होत्या. तिनं जुनी कॅलेंडरं काढली आणि एकेक तारीख ताडून पाहिली. मग ती बाबाजीकडे गेली.

“बाबाजीमामा, खाली बुधवार तुमीच लिवलेलो न्हय?”

“माका सांगितल्यानी तितक्या मी केलंय, बाये,” बाबाजी खाली बघत म्हणाला. “माका ह्यात घालू नको.”

“घालणंय नाय. राकेल आणि खरवडणी घेवन येवा, इतक्याच.”

बाबाजी रात्रभर झोपला नसेल. पण दुसऱ्या दिवशी तो आला, स्वतःच्या हातानं माझे बोल्ट सोडवले आणि मला खांद्यावर टाकून चंद्रावतीबरोबर कचेरीत नेलं. साहेबांच्या टेबलावर, काचेवर, मला आडवं ठेवलं. साहेब म्हणाले, “जुनं कशाला उकरता?” चंद्रावती म्हणाली, “उकरूक तर इलंय.”

राकेलानं आधी पांढरा सुटला, मग डांबर. मला झोंबलं, पण काय सांगू, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. ‘बु’ दिसला, ‘ध’ दिसला. साहेब पुढं वाकले आणि पहिला प्रश्न काय विचारावा त्यांनी?

“कुठल्या भाषेत आहे?”

“भास मागीर बघा, साहेबानू,” चंद्रावती म्हणाली. “वार खयचो ता वाचा.”

मग तिनं पावत्या मांडल्या. सोळा एका बाजूला ठेवल्या आणि एक उचलून साहेबांपुढे सरकवली. “हो एक बुधवार आसा. त्या दिसा आमची चूक. ह्याचे पैसे माका नको.” साहेबांना दाद लागू द्यायची नव्हती. महिनाभर खेटे घालायला लावले खरे, पण शेवटी सोळा दंडांचे पैसे परत दिले, वहीतले गुन्हे खोडले, आणि रघुनाथला बिल्ला मिळाला.

गोष्ट इथं संपली असती तर माझा राग कधीच निवला असता. पण रघुनाथचं पाहून कृष्णनाथ आला. साठीचा पायलट, सगळ्यांत जास्त दंड भरलेला. त्याचाही बिल्ला अडला होता. त्याच्या घरी पावत्या टोचायची तार नव्हती. खिशात भिजल्या, चुरगळल्या, गेल्या. साहेब म्हणाले, “पावती नाही? मग तुला दंड झालाच नाही. परत काय देणार?” आणि बिल्ल्याचं विचारलं तर तेच साहेब त्याच वहीवर बोट ठेवून म्हणाले, “इतके गुन्हे असताना पत्र कसं देऊ?” पैसे मागायला गेला तर दंड झालाच नाही, आणि बिल्ला मागायला गेला तर गुन्हे ढीगभर. म्हाताऱ्याच्या तोंडाला अशी पानं पुसली. चंद्रावतीच त्याच्याबरोबर गेली होती. तिनं विचारलं, “तुमच्या पुस्तकांनी पावतीची दुसरी प्रत रवता ना? ती काडा.” साहेब म्हणाले, “ती पुस्तकं वाळवीनं खाल्ली.”

मित्रांनो, पुरावा म्हणून मला जप्त करून त्याच कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवलंय. लोक म्हणतात, जुन्या पाट्या जपा, त्या पुसा, रंगवा. मला रंग नको. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा हातात आलेला कागद वाचा आणि तारेला टोचून ठेवा, आणि कुणी म्हणालं ‘भरलंस म्हणजे कबूल केलंस’ तर लगेच मान खाली घालू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ.

आणि तुमच्यातलं कुणी सर्वणच्या बाजूला जाणारं असेल तर चंद्रावतीला माझा निरोप द्या. म्हणावं, वाळवी लागलेली नाही. दंडाची सगळी पुस्तकं धड आहेत, कृष्णनाथचं नाव पानापानावर आहे. माझ्या शेजारच्या कपाटात, खालच्या फळीवर, डाव्या हाताला.