भिंतीचे कान

भिंतीला कान असतात म्हणतात. गणिताच्या बाईंच्या वर्गातल्या भिंतीला ते खरोखरच होते. खडूचा फळा जाऊन तिथे मोठा डिजिटल फळा आला होता आणि त्यात एक सोय होती. वर्गात कुणी काही बोललं की ते अक्षरांत उमटायचं. "तुमचं शुद्धलेखन सुधारेल," असं पोरांना सांगून बाईंनी ती सोय कायमची चालू ठेवली होती. खरं कारण त्यांनी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. वर्षभरात बाईंचे कान जवळजवळ गेले होते.

कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं. चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाल्याचं कळलं, तेव्हा मुख्याध्यापिकांनी गोडीगुलाबीने त्यांचे वर्ग काढून घेतले होते. आता सर तळघरातल्या भांडारात रंगपेट्या मोजत बसायचे. जिना उतरताना बाई तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पोरांविना शाळा म्हणजे जिवंतपणी मरण. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत त्यांनी दिवस ढकलले होते.

आज शिक्षण खात्याचे तपासनीस बाईंचा रोबोटचा तास बघायला येणार होते. सातवीच्या मुलींनी एक गाडी बनवली होती. टेबलाच्या कडेशी आली की ती बारीक पिपाणीसारखी वाजायची, मग बाईंनी टॅबवरचं लाल बटण दाबून तिला थांबवायचं. आपोआप थांबायचा कोड पुढच्या धड्यात होता. काल सरावात गाडी वाजली, बाई तशाच उभ्या, आणि गाडी धाडकन खाली! "बॅटरीनं दगा दिला," बाई म्हणाल्या होत्या. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं होतं, ते काही बाईंच्या डोक्यातून जात नव्हतं.

तास झकास सुरू झाला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, फळ्यावर उमटला, बाईंनी फटकन उत्तर दिलं. तपासनीस मान डोलवत होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका उठल्या आणि फळ्यावर उमटलं, "ही अक्षरं बंद करते हं. मुलं वाचून बोलतात असं वाटेल साहेबांना."

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. फळा काळा झाला. समोर नुसती तोंडं हलत होती.

मुख्याध्यापिकांनी हाताने खूण केली, सोडा गाडी. गाडी निघाली. बाईंचं बोट बटणावर होतं. आधी दाबलं तर बिंग फुटेल, उशीर झाला तर गाडी पडेल. वाजली का? की अजून नाही? आणि तेवढ्यात गाडीच्या टपावर लाल दिवा लागला. काल तो तिथे नव्हता. बाईंनी बटण दाबलं आणि गाडी कडेला येऊन थांबली.

सगळे हात टाळ्या वाजवताना दिसले. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. दिवा लावला, म्हणजे मुलींना सगळं माहीत होतं.

मुख्याध्यापिकांनी त्या दिव्याकडेच बोट दाखवून काहीतरी विचारलं. उभी राहिली ती टकळी. वर्गातली सगळ्यात बडबडी म्हणून हे नाव. तिचे ओठ बाईंना वाचता यायचे.

"शोभेला लावलाय, मॅडम. उगीच आपला."

बोलताना तिची मान खाली गेली होती. एवढीशी पोर आपल्यापायी मोठ्या माणसांसमोर खोटं बोलतेय, हे बाईंना भीतीपेक्षाही जड गेलं.

"खोटं आहे ते," त्या गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाल्या. "दिवा माझ्यासाठी आहे. मला ऐकू येत नाही."

मुख्याध्यापिका हसल्या. मग पाठ फिरवून तपासनिसांशी बोलायला लागल्या. बाईंना दिसत होता तो फक्त त्यांचा अंबाडा. आपलं काय ते तिथे ठरतंय आणि आपल्याला एक अक्षर कळत नाहीये.

टकळी जागेवरून उठली. परवानगीबिरवानगी काही नाही, सरळ फळ्यापाशी गेली आणि बटण दाबलं.

"…वर्ग आजच काढून घेते, साहेब. भांडारात बसवू त्यांना."

फळ्यावर आलेलं मोठ्याने वाचायची वर्गाला सवयच होती. साऱ्या वर्गाची तोंडं एकदम हलली आणि तेच वाक्य खाली पुन्हा उमटलं. मुख्याध्यापिका गर्रकन वळल्या आणि आपलंच बोलणं समोर बघून त्यांचा चेहरा उतरला. तपासनिसांनीही ते वाचलं. मग त्यांचे ओठ हलले आणि खालच्या ओळीत एकच शब्द उमटला.

"का?"

त्यापुढे नुसती रेघ लुकलुकत राहिली. बाई पर्स छातीशी घट्ट धरून त्या रेघेकडे बघत उभ्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना खात्री होती, आपल्याला काही ऐकू येत नाहीये ते कुणी काही बोलतच नाहीये म्हणून.