कडक स्प्रिंगा

"हे बघा ताई," म्हणत गॅरेजवाल्या तीनबोट्यानं मागच्या चाकावरच्या, धक्के झेलणाऱ्या रबरी फुग्यावर साबणाचं पाणी मारलं. फुग्याच्या घडीतून बुडबुडे फुटायला लागले. "हवा इथून जाते. कॉम्प्रेसर बिचारा भरून भरून दमतो आणि सकाळी बघावं तर गाडीनं बूड टेकलेलं."

गाडी जुनी, दांडगी, एके काळची रुबाबदार. ती घेऊन आलेल्या बाईनं मान डोलावली.

"बाबांना एक दिवसाआड व्यायामाला न्यावं लागतं हो. मणक्याचं ऑपरेशन झालंय. जरासा धक्का बसला तरी कळवळतात."

तीनबोट्यानं मागच्या काचेतून आत पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला. उशांना टेकून बसलेला म्हातारा त्याचा उस्ताद होता.

ऐन उमेदीत तो याच उस्तादाच्या हाताखाली कामाला होता. एका सकाळी गिऱ्हाइकाची घाई होती म्हणून उस्तादानं जॅक धड न लावताच त्याला गाडीखाली घातलं. गाडी घसरली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीला माणसं आली तेव्हा उस्ताद म्हणाला, "पिऊन आला होता हो. नको नको म्हणताना खाली शिरला."

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला बेवडा हे नाव चिकटलं. ठरलेलं लग्न मोडलं. तेही त्यानं गिळलं असतं. पण शेवटच्या आजारात आई त्याचा तो हात कुरवाळत म्हणाली, "आता तरी सोड रे ती दारू." तिची समजूत घालता घालता ती गेली. तेव्हापासून त्यानं डूख धरला होता.

"मग नवे फुगे बसवता ना?" बाईनं विचारलं.

बसवायलाच हवे होते. नवी जोडी समोरच्या फळीवर खोक्यात पडून होती.

"या गाडीचे आता मिळत नाहीत," तो म्हणाला. शब्द इतके सहज आले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "हवेची भानगडच काढून टाकू. लोखंडी स्प्रिंगा घालतो. परत कधी बसणार नाही गाडी."

"पण बाबांची पाठ..."

"होते सवय."

बाईनं वडिलांना धरून उतरवलं, फळीसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि ती त्यांची औषधं आणायला गेली. तीनबोट्यानं माल वाहणाऱ्या गाडीला लागतात तशा, दुकानातल्या सगळ्यात कडक स्प्रिंगा मागवल्या. गाडी जॅकवर चढवून, खाली आधाराचे भक्कम घोडे लावून तो कामाला लागला.

"खोकं दिसतंय मला," उस्ताद मागून म्हणाला.

तीनबोट्यानं पाना थांबवला नाही. "दिसू दे. सांगा तुमच्या लेकीला."

उस्तादानं खोक्यावरची नजर काढून घेतली.

"आई गेली, उस्ताद. मी पितो असं समजून गेली."

"कळलं होतं मला."

"कळलं होतं? मग एकदा येऊन सांगायचं होतं तिला! चार पावलांवर तर घर होतं."

"कातडी वाचवायची होती मला," उस्ताद म्हणाला. "नंतर तोंड दाखवायची लाज वाटली. आणि मग ती गेलीच."

तीनबोट्यानं फाटका फुगा उपसून काढला आणि जमिनीवर फेकला. त्याच्या जागी स्प्रिंग बसवली, अंगातलं सगळं बळ लावून बोल्ट आवळले. उस्ताद बघत होता. हे पोलाद किती दाबलं जाईल आणि किती नाही, हे त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाई औषधं घेऊन परतली तेव्हा गाडी मागून ताठ उभी होती.

"बाबा, जमेल ना? नाहीतर दुसरीकडे विचारू."

तीनबोट्या हात पुसत थांबला. खोकं फळीवरच होतं.

"जमेल," उस्ताद म्हणाला. "काम चोख केलंय त्यानं." मग लेकीचं मनगट धरून म्हणाला, "आणि ऐक. हा माणूस जन्मात कधी दारू प्यायलेला नाही."

"अहो बाबा!" ती ओशाळली. "कोण म्हणतंय ते प्यायलेत म्हणून? माफ करा हं दादा, हल्ली हे मधेच काहीतरी बोलतात."

इतकी वर्षं हेच वाक्य ऐकायला तीनबोट्याचे कान आसुसले होते, आणि आता ते जिला ऐकवायचं ती आईच नव्हती. त्यानं मागचं दार उघडून धरलं. उस्ताद कण्हत आत बसला.

गाडी निघाली. नाक्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. तिथून कळवळण्याचा आवाज येईल म्हणून तीनबोट्या कान देऊन उभा राहिला. मागची चाकं दणकन आपटली. आवाज लोखंडाचाच आला, माणसाचा आला नाही.

थोडं पुढे जाऊन गाडी थांबली. बाई उतरली, मागचं दार उघडून वडिलांच्या पाठीशी उशा सारत बराच वेळ आत वाकून राहिली. मग दार लावून पुन्हा चालवायला बसली. आता ती इतकी हळू चालवत होती की मागून आलेला सायकलवाला घंटी वाजवून गाडीच्या पुढे निघून गेला.