हद्दीचा अर्ज

वकिलांच्या खोलीत त्यांना सगळे 'हद्दवाले' म्हणत. दावा कशाचाही असो, तो या कोर्टाच्या हद्दीत बसत नाही हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मूळ भांडण काय आहे हे त्यांना बहुतेक वेळा माहीतही नसायचं, आणि त्याचाही त्यांना अभिमान होता.

त्यामुळे थोरल्या बहिणीवर आठ तास लांबच्या शहरात दावा लागला, तेव्हा त्यांना मनातून गुदगुल्याच झाल्या. ताई घड्याळं दुरुस्त करायची. तिथल्या एका गिऱ्हाइकाने स्वतः येऊन लंबकाचं जुनं घड्याळ तिच्याकडून दुरुस्त करून नेलं होतं, आणि आता तो म्हणत होता की बाईंनी आतलं यंत्रच बदललं. ताई दुकानात एकटी. दर तारखेला दोन दिवस दुकान बंद, आणि बसने कंबर धरायची ती वेगळीच.

"तू राहतेस आपल्याकडे, काम झालं आपल्याकडे. दावाही आपल्याकडेच चालायला हवा," ते म्हणाले. "पथ्य एकच. हरकत सगळ्यात आधी घ्यायची. आधी मूळ भांडणावर बोललं, की त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असं धरतात. एका तारखेत मोकळी करतो तुला."

बसमध्ये वेळ जाईना, म्हणून त्यांनी ताईला घड्याळाबद्दल विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच. ताई आठ तास बोलली आणि ते चक्क ऐकत राहिले.

कोर्टात ते अर्ज हातात घेऊन उभे राहिले, तेवढ्यात समोरचा वकील म्हणाला, "घड्याळ पुढे पळतंय, म्हणजेच यंत्र बदललंय."

झालं. "अहो, लंबकाची चकती कोणी वर सरकवली तर घड्याळ पळणारच," हद्दवाले म्हणाले. "त्यात यंत्राचा काय संबंध?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मग यंत्र मूळचंच आहे हे ओळखायचं कसं?"

हद्दवाले हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. चाकांचे दाते, पितळेवर पडलेली झीज, ताईच्या हातातला चिमटा, सगळं झालं. लंबक कसा हलतो हे त्यांनी हातातल्या अर्जाची गुंडाळी हलवून दाखवलं. पाऊण तासाने आपण काय हलवतोय याकडे लक्ष गेलं, तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला.

अर्ज पुढे केला, तेव्हा न्यायाधीश हसू दाबत म्हणाले, "पाऊण तास मलाच पटवत होतात ना? आणि आता मला अधिकारच नाही?" अर्ज फेटाळला गेला. दावा इथेच चालणार, पुढच्या महिन्यात ताईने हजर राहायचं.

बाहेरच्या बाकावर त्यांना ताईकडे बघवेना. एवढं साधं पथ्य, आणि ते मोडायला त्यांच्यासारखा तज्ज्ञच हवा होता. "चुकलो गं ताई. पण तुला तर सांगितलं होतं. थांबवायचं होतंस मला."

"कळत होतं मला," ताई म्हणाली. "पण घरातल्या कुणी माझ्या कामाबद्दल कधी चार वाक्यं बोललं नाही रे. तू बोलत होतास, अख्खं कोर्ट ऐकत होतं. म्हटलं, कंबर दुखली तर दुखू दे."

हद्दवाल्यांना रडू आलं. वकिलाने कोर्टाच्या व्हरांड्यात रडणं बरं दिसत नाही, म्हणून ते परतीच्या बसची चौकशी करायला उठले.