तेवीस नंबरची हजेरी

हजेरी घेताना तेवीस नंबरला मला दोन आवाज ऐकू येतात. एक यंदाच्या मुलीचा, शिंप्याच्या धाकटीचा, खणखणीत. दुसरा गेल्या वर्षीच्या तेवीस नंबरचा, सगळे लांबडी म्हणायचे त्या उंच मुलीचा, अगदी हळू, मागच्या बाकावरून. "हजर, बाई." मी मान वर करत नाही. रजिस्टरात डोकं घालून चोविसावर जाते.

आमच्या मिशनच्या शाळेत माझा गणिताचा निकाल नऊ वर्षं शंभर टक्के. फाटकावरच्या पाटीवर तो आकडा दर वर्षी नव्याने रंगवतात. पीटीचे सर म्हणतात, "बाई, तुम्ही गाढवालाही वर्गमूळ काढायला लावाल." मी हसते. गाढवाचं आम्ही काय करतो, ते त्यांनाही ठाऊक आहे. सराव परीक्षेत जी गटांगळ्या खाते, तिच्या पालकांना बोलवायचं, शाळेतून नाव काढायचं आणि दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसवायचं. शाळेच्या निकालात ती धरली जात नाही. चाळिसांतून एक वजा, एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस पास. गणिताच्या बाईला आणखी काय शिकवायचं!

लांबडीचा बाहेरून बसण्याचा अर्ज मीच भरला होता. परीक्षेला तिची जागा रिकामी राहिली. महिन्याभरात तिच्या घराला कुलूप लागलं.

यंदा सराव परीक्षेत शिंप्याच्या मुलीला शंभरात एकोणीस. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कोरा अर्ज हातात दिला. "प्रार्थना करून भरा," म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

शिंपी दुकान बंद करून आला, गळ्यात टेप तशीच.

"कुठे करू सही?"

"वाचा तरी आधी."

"तुम्ही वाचलंय ना? मग झालं. तुम्ही काय पोरीचं वाईट करणार आहात?"

मुलगी बापामागून डोकावली. "बाई, बाहेरून बसले तरी तुमच्या तासाला येऊ ना?"

लांबडीनेही हेच विचारलं होतं. मी 'बघू' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी शिपायाने तिला फाटकातूनच परत पाठवलं आणि मी खिडकीतून ते पाहिलं.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. वर्गात आम्ही तिघंच होतो.

मी अर्ज काढून घेतला. "सही नको. ही इथूनच बसेल."

"अहो, मग दुकान बंद करून बोलावलंत कशाला?" शिंपी वैतागला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "पास होईल ना?"

"माहीत नाही. रोज सकाळी सातला पाठवा."

कोरा अर्ज मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हा निकाल म्हणजे प्रभूची साक्ष आहे, बाई," त्या म्हणाल्या. "लोक आपल्याकडे त्यासाठी बघतात."

"प्रभूच्या गोष्टीतला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढ्या सोडून हरवलेल्या एकीच्या मागे गेला. आपण एकीला बाहेर काढतो आणि उरलेल्यांना शंभर म्हणतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "गेल्या वर्षीचा अर्ज कुणाच्या अक्षरात होता?"

"माझ्या."

"मग तिच्या मागे कोण गेलं?"

मी जुन्या रजिस्टरच्या कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी ती दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

रजिस्टरात लांबडीच्या मावशीचा पत्ता होता. शनिवारी दोन बस बदलून गेले. दार मावशीनेच उघडलं.

"मी तिची गणिताची बाई."

आत भांडी घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मावशीने मला खालून वर न्याहाळलं. "ती इथे नाही."

"बरं."

"तुमच्याशी बोलायचं नाहीये तिला."

"नसू दे," म्हटलं आणि पर्स मांडीवर घेऊन पायरीवर बसले. "मी थांबते."