अतांच्या संगणकाचा प्लग

उद्या अतांचा, माझ्या वडिलांचा, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. माणसं मोठ्या खोलीत जमिनीवर बसणार, म्हणून ती रिकामी करायला घेतली आणि काल दुपारी त्यांचा जुना संगणक उचलून स्वयंपाकघरात आणला. आणल्या आणल्या लिनक्सची, विंडोजविना संगणक चालवणारी डिस्क घालून चालू केला. फाइलींची एक प्रत असावी, एवढंच मनात होतं. प्रत झाली. डिस्क काढली, आणि विंडोज उघडेना. निळा पडदा येई, बंद होई, पुन्हा निळा पडदा.

प्रतीचा उपयोग नव्हता. अतांनी घराण्याची वंशावळ ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिली, तो आता फक्त याच संगणकात उरला होता. तेमिरकुल काकांनी लिहिलेली घराण्याची वंशावळ सगळ्यांच्या घरी आहे. तिच्यात फक्त मुलगे आहेत. अतांनी अकरा वर्षं गावोगाव विचारून आज्या, आत्या, मुली शोधून काढल्या. उद्या दुआच्या वेळी कुणाकुणाचं नाव घेतलं जाईल, ते या डब्यावर अवलंबून होतं.

बाजारात संगणक दुरुस्त करणाऱ्या तिंचतिकला सकाळपासून तिसरा फोन केला.

“एजे, अहो ताई, ती डिस्क नुसती चालवली तर काही बिघडत नाही हो.”

“मग कालपर्यंत चालत होता तो आता का चालत नाही?”

“तुम्ही काय दाबलंत?”

“काहीच नाही.”

“सगळे असंच म्हणतात. बरं, त्याचं घड्याळ काय दाखवतंय?”

“जानेवारी, दोन हजार नऊ.”

अपा, माझी आई, उद्यासाठी बोरसोक, पिठाचे छोटे गोळे, तळत होती. वळून न बघता म्हणाली, “त्या डब्याचा प्लग तो मला कधी काढू द्यायचा नाही. चहाचा समोवार लावायला गेले की ओरडायचा. एरवी कधी आवाज चढवला नाही बिचाऱ्यानं.”

तिंचतिकनं ते ऐकलं. “अहो, आधी आईंना विचारायचं ना! आतली छोटी बॅटरी मेलीय. प्लग काढला की मशीन आपली सेटिंगं विसरतं. लिनक्सला त्याचं काही नाही, विंडोज मात्र अडून बसतं. चालू करताना सेटिंगमध्ये जा, हार्ड डिस्कच्या ओळीतला पर्याय बदला.”

म्हणजे डिस्कनं काही केलं नव्हतं. खोली रिकामी करताना प्लग मीच काढला होता. आणि अतांना हे ठाऊक होतं. बॅटरी बदलण्यापेक्षा पहारा देणं त्यांना सोपं वाटलं असावं.

पर्याय बदलला. विंडोज उघडलं. वंशावळही उघडली. अतांच्या नावाखाली माझं नाव होतं, माझ्याखाली माझ्या दोन्ही मुली.

अतांच्या नावासमोर दोन रकाने होते. जन्माचा भरलेला होता. दुसऱ्यात मी तारीख घातली आणि कागद छापायला लावले.

“झालं ना?” अपा समोवारची वायर हातात घेऊन उभी होती. “काढू का आता प्लग?”

“नको, अपा. राहू दे.”

ती वायर घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.