सुई कोणाची

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्या सकाळी मी ओरडले तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून मानही वर केली नाही.

"अहो, सुई कुठे आहे?"

"कोणती?"

"कोणती काय कोणती! डबीतली. ही खाच रिकामी आहे."

मी गोधड्या शिवते. नोकरी संपल्यापासून हाच माझा उद्योग, निव्वळ हौस. घरातल्या प्रत्येकाची गोधडी, आणि ती त्याच्याच जुन्या सुती कपड्यांची. लेकाची झाली, जावेची झाली, दिरांची तर दोनदा झाली, कारण पहिली त्यांच्या कुत्र्याने बळकावली. नणंद सगळ्यांना सांगत सुटते, "हिच्याकडे जाताना अंगावरचा सदरा सांभाळा, आवडला तर कापेल." कापड माझं, टाका माझा, पण सुया ओवायचं काम ह्यांचं. मला ओवता येत नाही असं नाही, येतं. वेळ लागतो आणि डोकं फिरतं, इतकंच. सकाळच्या चहानंतर हे सगळ्या सुया ओवून डबीतल्या स्पंजच्या खाचांमध्ये ओळीने लावून ठेवतात. संध्याकाळी काम उरकलं की त्या परत जागेवर. ह्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे हत्यार जागेवर गेल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

आता ह्यांनी पेपर ठेवला आणि डबी हातात घेतली.

"शेवटची कधी उघडली होतीस?"

"मुंगीची गोधडी संपवली तेव्हा," मी म्हणाले, आणि ह्यांच्या हातातल्या डबीवर वाकून खाचा पुन्हा मोजल्या.

मुंगी म्हणजे आमची नात. दोन महिन्यांची. नाव अजून ठरायचंय, आईबापांचं एकमत होत नाही, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हेच चालू आहे. तिची गोधडी मी खूप जीव लावून केली होती. आजोबांचे सदरे, तिच्या बापाचे शाळेतले शर्ट, सुनेचा एक पिवळा झगा, सगळं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. शेवटचे टाके घालत होते तोच लेक दारात हजर. गाडी चुकीच्या जागी लावून आला होता, वरून घाई. मी दोरा तोडला, गोधडी घडी करून त्याच्या हातात दिली, डबी पटकन मिटली. मग आठवडाभर सर्दीने अंथरुणाला खिळले. डबी उघडली ती आज, जावेने आणखी एक मागितली म्हणून.

आता माझी शिवायची रीत सांगते, म्हणजे माझी पाचावर धारण का बसली ते कळेल. मी एका वेळी चार-पाच सुया चालवते. एका ओळीत थोडं पुढे गेलं की ती सुई तिथेच कापडात टोचून ठेवायची आणि शेजारच्या ओळीतली उचलायची. सगळ्या ओळी बरोबरीने सरकतात आणि गोधडीला चुण्या पडत नाहीत. शेवटी एकेक ओळ बंद करून एकेक सुई काढायची. पण टोचून ठेवलेल्या सुईतून दोरा निसटला, की ती थरांच्या आत घुसते. वरून हात फिरवला तरी लागत नाही. लागते ती कधीतरी, कोणीतरी त्यावर झोपल्यावर.

"आधी खोली बघू," हे म्हणाले. ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक लोहचुंबक आहे, तो दोरीला बांधून ह्यांनी सगळी फरशी, गादी, पडद्यांच्या कडा, माझी खुर्ची चाळून काढली. दोन टाचण्या मिळाल्या, एक स्क्रू मिळाला. सुई नाही.

मी सुनेला फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लेकाला लावला तर म्हणतो, "आई, मीटिंगमध्ये आहे, मुंगी मजेत आहे, नंतर बोलू." मी "अरे, ती गोधडी..." म्हणेपर्यंत ह्या शहाण्याने फोन ठेवलासुद्धा. त्याला लहानपणी मी उगाच लाडावून ठेवला.

"चला," मी म्हणाले. ह्यांनी चुंबक खिशात टाकला, आम्ही टॅक्सी केली.

वाटेत माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगत नाही. ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता. हे असा हात धरतात तेव्हा मला जास्त भीती वाटते. आणि खरं सांगू का, भीतीच्या जोडीला लाजही होती. माझी सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. गेले सहा महिने माझ्यामागे टुमणं लावलंय, "आई, एकदा येऊन बसा ना खुर्चीत, तुमचा नंबर वाढलाय." आणि मी दर वेळी तिला फटकारलं होतं, की मला माझा टाका दिसतो, तेवढं पुरे. आता हे सांगितलं, की तिच्या लेकरासाठी मला पुन्हा रुमालसुद्धा शिवू देणार नाही ती. आणि द्यावं तरी का तिने?

दार सुनेने उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "आई? बाबा? असे अचानक?"

"फोन का उचलत नाहीस?" मी आत शिरतच म्हणाले.

"आवाज बंद ठेवलाय. झोपलीय ती."

मी सरळ पाळण्याकडे. मुंगी गाढ झोपली होती, मुठी वर करून, तोंड उघडं टाकून. अंगावर काय? दुकानातलं पांघरूण! अस्वलांची चित्रं असलेलं, हाताला चरचर लागणारं. क्षणभर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोळे फोडून गोधडी शिवायची आणि हिने बाळाला हे गुंडाळायचं! आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, अगं बाई, गोधडी अंगावर नाही! माझा जीव असा काही भांड्यात पडला, की मी तिथेच खाली बसले. त्या अस्वलांचे पापे घ्यायचे तेवढे बाकी ठेवले.

"आई, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"आण. आणि गोधडी कुठे आहे?"

ती थबकली. "गॅलरीत वाळतेय. म्हणजे, धुतली होती. भिजवली हो हिने. चार दिवस रोज त्याच गोधडीवर झोपत होती, मग भिजवली."

चार दिवस. ती पाणी आणायला वळली तशी मी ह्यांना खूण केली आणि आम्ही दोघं गॅलरीत. गोधडी दोरीवर लटकत होती. ह्यांनी एका बाजूने चुंबक फिरवायला घेतला, मी दुसऱ्या बाजूने चिमटीत धरून धरून एकेक तुकडा चाचपत गेले. सदरे, शर्ट, पिवळा झगा, काठ, कोपरे. काही नाही. पुन्हा उलट बाजूने. काही नाही.

"काय शोधताय?"

सून दारात उभी होती, हातात पाण्याचा पेला. मी म्हणणार होते, एक टाका सैल वाटला म्हणून. तोंडाशी आलंसुद्धा होतं. पण तिची नजर ह्यांच्या हातातल्या चुंबकावर गेली आणि तिच्या तोंडचा रंगच उडाला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "त्या मशीनवाल्याने सांगितलं का?"

"कसला मशीनवाला?"

पेला तिने कठड्यावर ठेवला आणि रडायलाच लागली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. गोधडी धुतल्यावर मशीन खडखडायला लागलं. दुरुस्तीवाला आला, त्याने ड्रमजवळच्या रबरातून एक सुई उपसून काढली आणि हिच्या हातात ठेवली. "सांभाळा बाई, घरात लहान मूल दिसतंय," एवढंच म्हणून गेला. गोधडीबरोबर मुंगीचं एक झबलं धुतलं होतं, आणि आदल्याच दिवशी हिने त्या झबल्याला बटण लावलं होतं.

"म्हणजे माझीच सुई, आई. मी ती झबल्यातच विसरले आणि ते झबलं तिला घातलं. दिवसभर ती त्यात होती." तिला हुंदका आवरेना. "मी ह्यांनाही, तुमच्या लेकाला, सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तिला कपडे घालत नाही, हेच घालतात. दूध पाजते आणि लगेच खाली ठेवते. मला तिला जवळ घ्यायची भीती वाटते हो. मी असली कसली आई?"

"सुई कुठे आहे ती?" मी विचारलं.

तिने एका जुन्या औषधाच्या बाटलीत घालून ठेवली होती, झाकण घट्ट लावून. मी ती उजेडात धरली. आखूड, जाड नेढ्याची, मध्ये किंचित वाकलेली. जाड थरांतून ढकलताना माझ्या सगळ्या सुया अशाच वाकतात.

खोटं कशाला सांगू, एक क्षण असा आला की गप्प बसावंसं वाटलं. मुंगी ठणठणीत होती. सुई मिळाली होती. मला कोणी विचारलंही नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते, पण हे काही बोलले नसते, ह्यांचा तो स्वभावच नाही. आणि समोर ही पोर नाक पुसत उभी, स्वतःच्याच लेकराला घाबरून.

"ही माझी आहे," मी म्हणाले. "गोधडीत राहिली माझ्याकडून. म्हणूनच धावत आलो."

तिने मान हलवली. "नका ना असं करू, आई. माझं मन राखायला बोलताय तुम्ही."

"मन राखायला? मी?" माझा पारा चढलाच. "अगं, लग्नाला तीन वर्षं झाली तुझ्या, मी कधी कोणाचं मन राखलेलं बघितलंयस का? माझी आहे म्हणतेय ना!"

"हो गं, तिचीच आहे," हे म्हणाले. "डबीत एक कमी आहे."

"तुम्ही तर आईंचीच बाजू घेणार, बाबा."

आता काय करावं? स्वतःचा गुन्हा कबूल करतेय आणि कोणी मानायला तयार नाही! आयुष्यात कधी माझ्यावर असला चांगुलपणाचा आरोप झाला नव्हता. "बटण लावलंस ती तुझी सुई कुठे आहे?" मी विचारलं.

"हीच तर."

"शिवणाचा डबा उघडून बघितलास?"

"नाही. हात लावायची हिंमत झाली नाही. कपाटावर फेकून दिला."

ह्यांचा हात वरपर्यंत पोचतो. डबा खाली आला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, बुडाला कपाटावरची धूळ. मी झाकण उघडून तो तिच्यापुढे धरला. आत बटणं, मोजपट्टी, कात्री, आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. रिळात सुई खोचलेली होती. लांब, बारीक, सरळ. तिच्या नेढ्यात बटणाचा तो पांढरा दोरा अजून तसाच होता, नीट गुंडाळून ठेवलेला. किती टापटिपीची पोर ही!

तिने रीळ हातात घेतलं. सुईकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्यासारखीच मटकन खाली बसली.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"तू नाहीस."

"मी जागेवर ठेवली होती."

"ठेवली होतीस, बाळा. मी नाही ठेवली. मला दिसली नाही. तू सांगत होतीस ते खरं होतं. तुला काय बोलायचं ते बोल आता, मी ऐकून घेते."

ती काही तरी बोलणार होती. कपाळावर आठी चढली. मी तयार होते. मग पाळण्यात जरा खुसपूस झाली, आणि ती ताडकन उठली.

"मला तुमचा खूप राग यायला हवा ना, आई?"

"यायलाच हवा."

"येईल. नंतर येईल. आधी तिला घेऊ दे."

आणि तिने मुंगीला उचललं. अस्वलांचं पांघरूण खाली पडलं, कोणी उचललं नाही. तिने लेकराला छातीशी धरलं, गालाला गाल लावला, पाठीवरून हात फिरवला, मग पायांवरून, मग एकेका बोटावरून, जणू आज पहिल्यांदाच हातात आली होती. मोडलेल्या झोपेच्या रागाने मुंगीने जो टाहो फोडला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. आणि आम्ही तिघंही डोळे पुसत हसत होतो.