हॅटमधला ल्युबेन

"वहिनी, साखर दोन चमचे हं," स्तामेन टॅक्सीवाला म्हणाला आणि खिडकीसमोर उकिडवा बसून पुन्हा मोबाईलवर बोट आपटू लागला.

दाफिन्काचं दुकान तळघरात. खिडकी फूटपाथला टेकलेली, म्हणून गिऱ्हाईक मंत्री असो नाहीतर हमाल, कॉफी-सिगारेट हवी तर गुडघे मोडायलाच हवेत. सोफिया शहरात अशी दुकानं आता थोडीच उरलीत. दिवसभर तिला दिसायचे ते बूट, कुत्री आणि ट्रामची चाकं. माणसाचं तोंड दिसायचं ते माणूस वाकला तरच.

कप पुढे करताना तिची नजर मोबाईलवर गेली. तो तिच्या नाकासमोरच होता. चित्रं गरागरा फिरत होती: नोटांची पेटी, पिस्तूल, लाल ओठांची बाई. फिरत फिरत थांबली आणि मधोमध ल्युबेन आला.

तिचा ल्युबेन! वर्षापूर्वी गेलेला तिचा नवरा. डोक्यावर काळी हॅट, तोंडात चुरूट, दात सोन्याचा, हातात पिस्तूल.

कप कलंडला. कॉफी गेली स्तामेनच्या बुटावर.

"अगं आई गं! वहिनी, भाजलो ना!"

"हा कोण? हा माणूस कोण आहे?"

"हा होय? हा दादा. गुंडांचा खेळ आहे, पैसे लावायचा. दादा एका ओळीत तीनदा आला की घबाड. पण मेला येतोय कसला..." स्तामेननं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग खिडकीशेजारच्या भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा मोबाईलकडे. त्याचा आ वासलेला तसाच राहिला. "आयला! वहिनी, हा तर आपला ल्युबेन!"

भिंतीवर ल्युबेनचा श्रद्धांजलीचा कागद होता. माणूस गेला की फोटोसकट असा कागद दारावर, खांबावर, थांब्यावर चिकटवायचा, आणि चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा नवा. जुना कोणी काढत नाही, तो पावसानं जातो. ल्युबेनच्या कागदावर फोटो होता ट्राम डेपोतल्या नव्या वर्षाच्या पार्टीतला. कुणाची तरी हॅट गमतीनं त्याच्या डोक्यावर ठेवलेली. आता ती तरी काय करणार? दुसऱ्या एकाही फोटोत या बाबाचे डोळे उघडे नव्हते. डाव्या भुवईतला व्रण मात्र स्पष्ट दिसत होता, लहानपणी अक्रोडाच्या झाडावरून पडल्याचा. मोबाईलमधल्या दादालाही तो होता, तिथंच, तेवढाच.

आणि ल्युबेन कसा होता? नाकासमोर चालणारा. जन्मभर ट्राम चालवली, रुळावर कबुतर बसलं तरी थांबायचा, मागून मोटारवाले आईबहीण काढायचे. साधं लॉटरीचं तिकीट कधी घेतलं नाही. दुकानावरून जाताना दोनदा घंटा वाजवायचा. तिला खिडकीतून फक्त चाकं दिसत, पण ती हात हलवायचीच. अशा माणसाच्या हातात पिस्तूल!

स्तामेनच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी सगळा टॅक्सीस्टँड तिच्या खिडकीशी वाकत होता. "दादांच्या घरची कॉफी द्या हो!" "वहिनी, दादांना सांगा, आमच्याकडेही लक्ष असू द्या!"

शनिवारी ल्युबेनचा वर्षाचा दिवस होता. रीतीप्रमाणे ती त्याच्या नावानं साखर घालून उकडलेले गहू खिडकीतून वाटणार होती. घेणाऱ्यानं म्हणायचं असतं, "देव त्याला क्षमा करो." आजवर हे शब्द तिला नुसते रीतीचे वाटले होते. आता वाटलं, लोक हे मनापासून म्हणतील, नाहीतर हसून म्हणतील. कशाची क्षमा? काय केलं होतं त्यानं?

दुपारी खिडकीत पिवळे बूट आले. ही बिल्याना, समोरच्या काचेच्या इमारतीतली. रोज इथं बसून कॉफी गार होईपर्यंत फुंकायची. चित्रं काढते एवढं दाफिन्काला ठाऊक होतं.

"पोरी, तो गुंडांचा खेळ तुमचाच का गं?"

"तुम्ही पाहिलात, मावशी?" बिल्यानाचा चेहरा खुलला. "त्यातला दादा मी काढलाय! ऑफिसात सगळ्यांना जाम आवडला."

"कुठून आणलास?"

"कुठून म्हणजे? डोक्यातून. असाच सुचला एकदा."

"मान वळव."

बिल्यानानं मान वळवली. कागद तिच्या गालापासून वीतभर लांब होता. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी... आईशप्पथ, मी हे कधी पाहिलंच नाही."

खोटं बोलत नव्हती ती. या शहरात मेलेली माणसं भिंतीभिंतींवर आहेत, त्यांच्याकडे बघत कोण बसतं? पण डोळे आपलं काम करून मोकळे होतात.

"पाहिलंस," दाफिन्का म्हणाली. "नाहीतर व्रण कुठून आला?"

बिल्याना तिथंच रस्त्यात रडायला लागली. "मी बदलते. वरच्यांशी भांडेन, पण बदलते."

"बदल बाई. माझ्या माणसानं कबुतरावर चाक घातलं नाही कधी."

"अहो वहिनी, वकील गाठा!" स्तामेन मागून ओरडला. "हात धुवून घ्या चांगला!"

"तू गप बस रे!"

शनिवारी तिनं नवा कागद चिकटवला. हॅटचा फोटो काढून टाकला आणि डोळे मिटलेला लावला. मिटलेले तर मिटलेले! गहू घेताना एकजण हसत म्हणाला, "देव दादाला क्षमा करो." तिनं त्याच्या हातातला गव्हाचा कप ओढून घेतला.

त्यानंतर रोज सकाळी ती स्तामेनला विचारायची, "अजून आहे का रे तो?"

"आहे की."

"बघू."

स्तामेन मोबाईल खिडकीत धरायचा. पैसे न लावताही खेळता येत होतं. "मेलीनं दात सोन्याचा काढलाय बघ," ती करवादायची, आणि गिऱ्हाईक खोळंबलं तरी बघत राहायची. एकदा तीन ल्युबेन ओळीत आले. मधल्यानं हॅट उचलली, थेट तिच्याकडे बघून हसला. दिवसाउजेडी, दुकानाच्या खिडकीत, डोळे उघडे ठेवून. तिच्याकडे वर्षभरात असं कोणी बघितलं नव्हतं. "कधी बदलणार ही पोरगी, देव जाणे," ती म्हणाली.

मग एका सकाळी स्तामेन आला तो हसतच. "झालं वहिनी तुमच्या मनासारखं!"

मोबाईलमध्ये एक दाढीवाला, फुगल्या गालांचा परका माणूस होता.

"पुन्हा फिरव."

"वहिनी, गेला तो."

"फिरव म्हणते ना!"

त्यानं फिरवलं. दाढीवाला. पुन्हा फिरवलं. दाढीवालाच. दाफिन्का खुर्चीवर मटकन बसली.

"मी काय केलं रे हे, स्तामेन," ती म्हणाली. "मीच घालवला त्याला."

तेवढ्यात पिवळे बूट आले. बिल्याना वाकली, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर आनंद. "मावशी, पाहिलंत? दोन महिने भांडले मी त्यांच्याशी!"

दाफिन्कानं तिच्याकडे बघितलं. एवढ्या आनंदानं आलेल्या लेकराला काय सांगायचं?

"पाहिलं गं. छान झालं. बरं केलंस."

मग ती उठली. गहू नव्हते, म्हणून बिस्किटांचा पुडा फोडला. एक बिस्कीट स्तामेनच्या हातावर ठेवलं, एक बिल्यानाच्या.

"आज काय आहे, मावशी?"

"आहे काहीतरी. खा."

स्तामेननं टोपी काढली. उकिडवा बसल्या बसल्याच खालमानेनं म्हणाला, "देव त्याला क्षमा करो."

रस्त्यावरून ट्राम गेली. दाफिन्कानं खिडकीतून हात हलवला. चाकं पुढे गेली.